वडील गेल्याची बातमी घेऊन आलेला माणूस

परवा रात्री लेकीबरोबर केनेथ ब्रानाचा 'लव्हज लेबर्स लॉस्ट' पुन्हा पाहिला. २००० सालचा सिनेमा. शेक्सपिअरची कॉमेडी ब्रानानं १९३९ च्या युरोपात नेऊन ठेवली आहे. संवादांचा मोठा भाग कापलाय आणि त्या जागी कोल पोर्टर, अर्विंग बर्लिन, गर्श्विन, जेरोम कर्न यांची गाणी घातली आहेत. तेव्हा तो पडला, आणि आजही त्याचं नाव निघालं की लोक 'तो नाचगाण्यांचा शेक्सपिअर' म्हणून पुढे जातात. मी उभं आयुष्य इतिहास शिकवला. मला हा सिनेमा हलका वाटत नाही. त्यातला एक क्षण तर इतका खरा आहे की त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवेना. आणि त्याच क्षणाचं शेवटी जे केलंय, त्याचं वाईटही वाटतं. दोन्ही सांगते.

गोष्ट थोडक्यात अशी. नाव्हार या फ्रान्स-स्पेनच्या सीमेवरच्या छोट्या राज्याचा तरुण राजा आणि त्याचे तीन मित्र शपथ घेतात: तीन वर्षं फक्त अभ्यास, रोज तीनच तास झोप, आणि बाईचं तोंडही बघायचं नाही. शाई वाळायच्या आत फ्रान्सची राजकन्या तीन सख्यांना घेऊन दारात हजर. तिचे वडील अंथरुणाला खिळलेत. त्यांच्या वतीनं ती अ‍ॅक्विटेनचा मुलूख आणि एक लाख क्राउनचा हिशेब सोडवायला आली आहे. राजा शपथेत अडकलेला, म्हणून तिला राजवाड्यात घेत नाही. बाहेर माळावर तंबू ठोकून तिची सोय करतो. पुढे चौघेही प्रेमात पडतात, शपथ मोडते, चोरून कविता लिहिल्या जातात, मुखवटे घालून नाच होतो. सगळं रंगात आलेलं असताना एक माणूस येतो आणि सांगतो की राजकन्येचे वडील गेले.

आता यातली नावं पाहा. राजाचे मित्र बरून, लाँगाव्हिल आणि ड्युमेन. आज ही नावं आपल्याला परीकथेतली वाटतात. पण हे नाटक लिहिलं गेलं साधारण १५९४-९५ च्या सुमारास, आणि तेव्हा लंडनच्या माणसाला ही नावं रोजची होती. नाव्हारचा खरा राजा आंरी प्रोटेस्टंट होता; १५८९ मध्ये फ्रान्सच्या गादीवर त्याचा हक्क आला होता आणि ती गादी मिळवण्यासाठी तो लढत होता. एलिझाबेथ राणीनं त्याच्या मदतीला इंग्लिश फौजा धाडल्या होत्या. १५९१ मध्ये अर्ल ऑफ एसेक्स चार हजार माणसं घेऊन रूआँच्या वेढ्यासाठी गेला. तिथे आंरीच्या बाजूनं लढत होता मार्शल बिराँ, म्हणजे नाटकातल्या बरूनचं नाव. ड्यूक ऑफ लाँगव्हिल हाही आंरीच्याच बाजूचा. आणि मायेन? तो तर कॅथलिक लीगचा सेनापती, आंरीचा कट्टर शत्रू, १५९० मध्ये इव्रीच्या रणांगणावर हरलेला. फ्रान्समधल्या लढायांच्या बातम्या छोट्या चोपड्यांतून लंडनमध्ये छापल्या जात आणि लोक त्या विकत घेऊन वाचत. कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा त्या लढाईत होता.

शेक्सपिअरनं राजा, त्याचा सेनापती आणि त्याचा वैरी यांना एका टेबलाशी बसवून एकच शपथ घ्यायला लावली. ड्युमेन म्हणजे 'द्यु मेन', म्हणजे मायेनच. नाटक पहिल्यांदा पाहणाऱ्यांना हे ऐकून केवढं नवल वाटलं असेल! मायेन तोवर आंरीला शरण आला नव्हता. १५९६ च्या जानेवारीत तह झाला. त्यानंतरची गोष्ट अशी सांगतात की आंरीनं त्या अंगानं सुटलेल्या मायेनला बागेतून इतक्या झपाट्यानं चालवलं की त्याला धाप लागली, आणि मग हसत म्हणाला, माझ्याकडून तुला एवढीच काय ती शिक्षा. नाटकातल्या राजाला शोभेल असंच वागणं.

राजकन्येचं येणंही हवेतून आलेलं नाही. आंरीचं लग्न झालं ते फ्रेंच राजघराण्यातल्या मार्गरीतशी, १८ ऑगस्ट १५७२ ला, पॅरिसमध्ये. सोयरीक कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या दोन धर्मपक्षांत समेट व्हावा म्हणून ठरलेली. सहा दिवसांनी, सेंट बार्थोलोम्यूच्या दिवशी, त्या लग्नासाठी जमलेल्या प्रोटेस्टंट पाहुण्यांची कत्तल सुरू झाली. आंरी दरबारात जवळजवळ कैदी होऊन राहिला आणि १५७६ मध्ये निसटला. बायको मागेच राहिली. दोन वर्षांनी, १५७८ मध्ये, सासू कॅथरिन द मेदिची स्वतः मुलीला आणि आपल्या दरबारातल्या स्त्रियांना घेऊन दक्षिणेत आली. मुलगी नांदायला घालायची होती आणि तह करायचा होता. आंरीनं भेट लांबवत नेली, आणि शेवटी ऑक्टोबरात ला रेओल गावी ते भेटले. पुढच्या फेब्रुवारीत नेराकचा तह झाला. बोलण्यांत मार्गरीतच्या वाट्याला आलेल्या मुलखांचा प्रश्नही होता, आणि ते मुलूख त्या अ‍ॅक्विटेनच्याच भागातले. एक राजकन्या, सोबत दरबारी स्त्रिया, अ‍ॅक्विटेनच्या मुलखाचा हिशेब आणि भेट टाळणारा राजा. नाटकाचा सांगाडा इथेच दिसतो.

नंतर मार्गरीतनं आठवणी लिहिल्या. त्यांत नेराकच्या बागेचं वर्णन आहे: लॉरेल आणि सायप्रसच्या लांबच लांब वाटा, नदीकाठचं उपवन. सकाळी राजा आणि त्याची बहीण आपल्या प्रवचनाला जात, मार्गरीत तिच्या मासला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, आणि मग दोन्हीकडची माणसं बागेत एकत्र फिरत. या आठवणी छापल्या गेल्या १६२८ मध्ये, म्हणजे शेक्सपिअरनं त्या वाचलेल्या असणं शक्य नाही. पण दरबारातल्या गोष्टी तोंडोतोंडी फिरतात. मार्गरीतच्या सख्यांतल्या एकीच्या मुलीची कहाणी त्यांत आहे. ती पोरगी प्रेमभंगानं झुरून गेली. नाटकात राजकन्येची सखी कॅथरिन हिची बहीणही तशीच, प्रेमानं मन जड होऊन गेलेली, आणि हसण्याखिदळण्याच्या मध्येच तिची आठवण निघते. हा योगायोग असेल. मला मात्र तो मजकूर वाचला की त्या नेराकच्या बागेतलं ऊन दिसतं.

आता सिनेमाकडे. १९३९ च्या प्रेक्षकाला बिराँ माहीत नाही, २००० च्या प्रेक्षकाला तर नाहीच. ती नावं 'बातमी' राहिली नाहीत. मग ब्रानानं काय केलं? सिनेमाच्या मध्ये मध्ये त्यानं काळ्यापांढऱ्या बातमीपटाचे तुकडे घातले, 'नाव्हार सिनेटोन न्यूज' नावानं. राजानं शपथ घेतली, राजकन्या येऊन पोचली, युरोपवर युद्धाचे ढग आहेत, असं सगळं तो उत्साही निवेदक सांगतो. लोकांना ही जोडणी ठिगळासारखी वाटली. माझ्या मते या सिनेमातली सर्वांत समजूतदार गोष्ट तीच. मूळ नाटक ताज्या बातम्यांच्या आधारावर उभं होतं आणि काळ गेला तसा तो आधार निघून गेला होता. ब्रानानं तो पुन्हा लावला. नाचणाऱ्या माणसांच्या मागे युद्ध उभं आहे, ही जाणीव १५९५ मध्ये पाहणाऱ्याला आपोआप होती. आपल्याला ती बातमीपटानं दिली.

राजा म्हणून अलेस्सांद्रो निव्होला टक्सिडोत उभा राहतो तेव्हा आणखी एक राजा आठवतो. ११ डिसेंबर १९३६ ला एडवर्ड आठवा रेडिओवर बोलला आणि जिच्यावर प्रेम होतं तिच्यासाठी त्यानं मुकुट सोडला. १९३७ च्या जूनमध्ये त्यानं लग्न केलं तेही फ्रान्समधल्या एका शातोत. तीसच्या दशकातला, प्रेमासाठी दिलेला शब्द मोडणारा देखणा तरुण राजा ब्रिटिश दिग्दर्शक पडद्यावर आणतो आणि एडवर्ड कुणाला आठवणार नाही, हे शक्य नाही. पण ही तुलना मला फार पुढे न्यावीशी वाटत नाही. कारण नाटकातला राजा मुकुट सोडत नाही. तो फक्त शब्द सोडतो.

आणि शब्द सोडण्याचीही एक आठवण त्या काळाच्या लोकांना होती. २५ जुलै १५९३ ला, सेंट डेनिसच्या चर्चमध्ये, आंरीनं प्रोटेस्टंट पंथ सोडून कॅथलिक पंथ घेतला. पॅरिस मिळण्यासाठी. ज्याच्यासाठी इंग्रज माणसं मेली, त्यानंच धर्म बदलला. एलिझाबेथनं त्याला लिहिलेलं पत्र दुःखानं भरलेलं आहे. वर्षा-दोन वर्षांत शेक्सपिअरच्या नाव्हारचा राजा शपथ मोडतो आणि बरून त्याला दिलासा देतो की अशी शपथ मोडणं हाच धर्म. 'धर्म' हाच शब्द. त्याच भाषणात प्रेमाच्या आवाजानं स्वर्ग गुंगून जातो असं वाक्य आहे, आणि सिनेमात बरून झालेला ब्राना 'स्वर्ग' या शब्दावर थांबून बर्लिनचं 'चीक टू चीक' म्हणू लागतो. तिथे मी दर वेळी विरघळते. आणि तिथेच वाटतं की 'धर्म' या शब्दाची धार गेली. नाटकाच्या शेवटी राजकन्या राजाला स्पष्ट सांगते: तुमच्या शपथेवर माझा विश्वास नाही. एलिझाबेथसमोर हे नाटक ख्रिसमसमध्ये झालं, असं १५९८ च्या छापील प्रतीच्या मुखपृष्ठावर लिहिलेलं आहे. त्या बाईनं हे वाक्य ऐकलं.

पण मला खरं बोलायचंय ते राजकन्येबद्दल.

या गोष्टीतले राजेशाही धागे शोधणारे सगळे आंरीकडे पाहतात. राजा कोण, बिराँ कोण, मायेन कोण. सिनेमाच्या पोस्टरवरही तसंच. पण मुकुट मिळतो तो राजकन्येला. मर्केड नावाचा माणूस येतो, काळे कपडे, आणि बोलायला लागतो. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती ओळखते. 'गेले ना?' तो म्हणतो, 'हो. माझं सांगणं संपलं.' बस. सिनेमात अलिशिया सिल्व्हरस्टोन तोपर्यंत खिदळणारी, मैत्रिणींबरोबर गाणारी पोरगी आहे. त्या वाक्यानंतर तिच्या चेहऱ्यावरचं सगळं ओसरतं आणि काही क्षण तिथे दुसरंच माणूस दिसतं. आजूबाजूला करमणुकीचा कार्यक्रम चाललेला आहे, दिवे आहेत, आणि मधोमध ही मुलगी उभी. नाटकात तिला लगेच 'युवर मॅजेस्टी' म्हणायला लागतात. जुन्या छापील प्रतींत तर तिच्या संवादांवर बऱ्याच ठिकाणी 'राजकन्या' ऐवजी 'राणी' असं येतं. एका ओळीत ती मुलगी राणी झाली, आणि वडील गेल्याचं दुःख करायलाही तिला त्या ओळीपलीकडे वेळ नाही. ती म्हणते, तयारी करा, मी आज रात्रीच निघते.

माझी लेक तिथे म्हणाली, 'आई, हे एलिझाबेथचंच झालं ना? ती केनियात होती.' तिला ब्रिटनची २०२२ मध्ये गेलेली राणी, दुसरी एलिझाबेथ, आठवली, आणि बरोबर आठवली. ६ फेब्रुवारी १९५२. वडील झोपेत गेले, मुलगी परदेशात, दौऱ्यावर, आणि बातमी नवऱ्यानं सांगितली. आदल्या रात्री ती झाडावरच्या मचाणातून जनावरं बघत होती. सिनेमा पाहणाऱ्या कुठल्याही इंग्रज प्रेक्षकाच्या मनात हे असणारच.

पण खरी गोष्ट त्याही मागे आहे, आणि ती मला इतिहासाच्या वर्गातही नीट सांगता आली नव्हती. फ्रान्समध्ये असं होणं शक्यच नव्हतं. फ्रान्सच्या गादीवर बाई बसू शकत नव्हती. सॅलिक कायदा म्हणतात तो. मार्गरीतचे वडील आंरी दुसरे १५५९ मध्ये खेळातल्या भाल्याच्या जखमेनं गेले, मग एकामागून एक तिचे तीन भाऊ राजे झाले, चौथा ड्यूक ऑफ अलाँसाँ १५८४ मध्ये गेला. हा अलाँसाँ म्हणजे एलिझाबेथशी लग्न करायला इंग्लंडात आलेला, आणि त्याचं नाव नाटकात येतंही. तिसरा भाऊ १५८९ मध्ये खुनात गेला. त्या आईबापांच्या लेकरांत मार्गरीत एकटी उरली. आणि गादी गेली तिच्या नवऱ्याकडे, कारण बापाकडून मुलाकडे अशी पुरुषांची ओळ तीनशे वर्षं मागे लुई नवव्यापर्यंत नेली की आंरी निघत होता. मार्गरीत तेव्हा ओव्हेर्न्यमधल्या उसाँच्या किल्ल्यात अडकलेली होती. ती राणी झाली ती नवऱ्यामुळे, नावापुरती.

आणखी पाहा. १५९३ मध्ये, नाटक लिहिलं जायच्या थोडंच आधी, पॅरिसमध्ये लीगनं बोलावलेल्या सभेत याच प्रश्नावर भांडण पेटलं होतं. स्पेननं आपली राजकन्या इसाबेला हिचं नाव पुढे केलं. ती मार्गरीतच्या थोरल्या बहिणीची मुलगी. म्हणजे बाई फ्रान्सच्या गादीवर येऊ शकते का, हा प्रश्न तेव्हा कागदावरचा नव्हता. पॅरिसच्या पार्लमाँनं, म्हणजे तिथल्या वरिष्ठ न्यायालयानं, जूनमध्ये ठराव केला की नाही, कायदा मोडता येणार नाही. आणि त्यानंतर लगेच शेक्सपिअर लंडनच्या रंगमंचावर एक फ्रेंच मुलगी आणतो, वडील गेल्याबरोबर तिला राणी म्हणतो, आणि कुणीही हरकत घेत नाही. तिकडे नाव्हारमध्ये मात्र बाईला राज्य करता येत होतं. आंरीला नाव्हारचा मुकुट मिळाला तो आई झान द अल्ब्रेकडून, जी स्वतः राज्य करणारी राणी होती. नाटकातल्या दोन राज्यांतलं खरं उलटंपालटं इथे आहे.

सिनेमात तर हे आणखी खोल जातं, ब्रानाला हे अभिप्रेत असो वा नसो. १९३९ मध्ये फ्रान्सला राजाच नव्हता. प्रजासत्ताक होतं. आणि त्या प्रजासत्ताकात बाईला मताचाही अधिकार नव्हता. तो मिळाला १९४४ मध्ये. अशा फ्रान्सची राणी म्हणून ती मुलगी काळ्या कपड्यांत विमानात चढते. हे दृश्य इतिहासात कुठेच घडलेलं नाही, घडू शकत नव्हतं, आणि तरीही १९३९-४० मध्ये विमानांत, बोटींत, गाड्यांत चढून जाणारी राजघराणी खरीच होती. अल्बेनियाचा राजा झोग एप्रिल १९३९ मध्ये दोन दिवसांचं बाळ आणि बायको यांच्यासह पळाला. नेदरलंड्सची विल्हेल्मिना मे १९४० मध्ये इंग्लंडला पोचली. लक्झेंबर्गची ग्रँड डचेस शार्लोत त्याच मेमध्ये देश सोडून गेली. त्यांत दोन बायका होत्या, स्वतःच्या हक्कानं राज्य करणाऱ्या.

एक गोष्ट सिनेमात नाही आणि ती मला खटकते. त्या दशकातलं खरं नाव्हार. जुलै १९३६ मध्ये जनरल मोलानं पांप्लोनातून, नाव्हारच्या राजधानीतून, स्पेनच्या सरकाराविरुद्धच्या उठावाची सूत्रं हलवली. तिथले कार्लिस्ट स्वयंसेवक लाल टोप्या घालून त्यात उतरले, आणि ते लढत होते त्यांच्या मते खऱ्या असलेल्या राजासाठी. १९३९ च्या १ एप्रिलला ते स्पॅनिश यादवी युद्ध संपलं होतं. सिनेमातलं नाव्हार म्हणजे ऑक्सफर्डसारखं दगडी कॉलेज, नदी, होड्या. एका बातमीपटात एक वाक्य घातलं असतं तर चाललं असतं.

आता शेवट. विमानतळ, धुकं, निरोप, आणि 'दे कान्ट टेक दॅट अवे फ्रॉम मी'. 'तुम्ही तिकडे, आम्ही इकडे' हे नाटकातलं शेवटचं वाक्य विमान आकाशात धुरानं लिहितं. इथे सिनेमा थांबला असता तर मी त्याला फार वरचं स्थान दिलं असतं. मूळ नाटकात बायका एका वर्षाची अट घालतात आणि जातात. राजानं वर्षभर एकांतात राहायचं, बरूननं दवाखान्यात आजाऱ्यांना हसवायचं. बरून म्हणतो, वर्ष म्हणजे नाटकासाठी फार लांब. पडदा पडतो आणि ते वर्ष कधी येत नाही. कॉमेडी लग्नाविना संपते. ब्रानानं मात्र पुढे युद्धाची काळीपांढरी दृश्यं दाखवली, आणि शेवटी विजयदिन, रंग परत आलेले, आणि सगळी जोडपी एकमेकांच्या मिठीत. लेकीला ते आवडलं, आणि सहा वर्षं युद्ध पाहिलेल्या माणसांना एवढं सुख द्यावं असं कुणाला वाटलं तर मी समजू शकते. मला मात्र वाटतं की यात राजकन्येचा निर्णय पुसला गेला. शब्द मोडणाऱ्या माणसाला ती थांबायला सांगते, आणि तो थांबला की नाही हे नाटक आपल्याला कळू देत नाही, म्हणूनच तिच्या बोलण्याला वजन आहे.

आणि त्या खऱ्या नावांचं काय झालं तेही सांगते, कारण सिनेमानं 'पुढे काय झालं' हा प्रश्न स्वतःच विचारलाय. थोरला बिराँ १५९२ मध्ये एपर्नेच्या वेढ्यात तोफेचा गोळा लागून गेला. त्याचा मुलगा, तोही मार्शल, सप्टेंबर १६०१ मध्ये आंरीचा राजदूत म्हणून इंग्लंडला एलिझाबेथला भेटला. एसेक्सचं डोकं उडवून सात महिने झाले होते. पुढच्या वर्षी, ३१ जुलै १६०२ ला, बास्तीलमध्ये फितुरीसाठी बिराँचंही उडवलं. १६०८ मध्ये लंडनला त्याच्यावर नाटक झालं तर फ्रेंच राजदूतानं तक्रार केली आणि काही नट तुरुंगात गेले. तोवरही ही नावं अशी जिवंत होती.

मार्गरीतचं लग्न १५९९ मध्ये रद्द झालं, मूल नाही म्हणून. राणी ही पदवी तिनं ठेवली. १६०५ मध्ये ती पॅरिसला परतली. १३ मे १६१० ला, सेंट डेनिसच्या चर्चमध्ये, जिथे आंरीनं धर्म बदलला होता, त्याच्या दुसऱ्या बायकोचा राज्याभिषेक झाला. त्या मिरवणुकीत मार्गरीत सामील झाली, पन्नाशी उलटून गेलेली, आपल्या जागी बसलेल्या बाईच्या मागून चालत. दुसऱ्या दिवशी आंरीचा खून झाला.

लेकीला हे सांगितलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. ती म्हणाली, 'तो मर्केडचा सीन परत लाव.' लावला.